जाहीर निषेधाचा स्टिकर

पार्ल्यात आमच्या चौकात एक फळा आहे, नागरिक संघटनेचा. लाकडी चौकट, वर पत्र्याचं छप्पर, खाली खडू ठेवायला अरुंद फळी. कॉलेजात गेल्यापासून, आणि आता नोकरीला लागल्यावरही, त्या फळ्यावर मीच लिहिते. पाणी का आलं नाही, खड्डा कुणाच्या मेहेरबानीनं पडला, जाब कुणाला विचारायचा, हे सगळं पांढऱ्या खडूनं. मथळा लाल खडूनं. आणि मथळा बहुतेक वेळा एकच: जाहीर निषेध!

हे मला शिकवलं संघटनेच्या काकांनी. बँकेतून निवृत्त झालेत, पण आवाज अजून युनियनच्या गेटसभेतलाच आहे. पत्रक कसं लिहायचं याचा त्यांचा कायदा आहे. पहिल्या ओळीत काय झालं ते. दुसऱ्या ओळीत कुणी केलं ते. तिसऱ्या ओळीत लोकांनी काय करायचं ते. "विशेषणं घालू नकोस गं," ते म्हणायचे, "समोरचा विशेषणावर भांडत बसतो, मुद्दा राहतो बाजूला." मी विशेषणं काढली. उद्गारचिन्हं नाही काढली. एवढं तरी पाहिजे ना माणसाला.

माझं अक्षर मोठं आणि ताठ आहे. ‘निषेध’मधल्या ‘ष’चं पोट मी जरा जोरातच चिरते, रस्त्यापलीकडून वाचता यावं म्हणून. वाचणारे कोण? सकाळी फिरायला निघालेले आजोबा, दुधाच्या पिशव्या घेऊन परतणारे, आणि शिळं काही राहिलं असेल तर त्यावर बोट ठेवणारे आमचे काका. तरुण पोरं फळ्याला स्कूटर टेकवायची. तेवढाच त्यांचा आणि फळ्याचा संबंध, असं मला वाटायचं.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं पुन्हा सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी एक दिवस भलत्याच उशिरा आली. ती अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहते. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या बिल्डिंगीत तिचीच मासळी. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे आई तिला सोडत नाही.

"मावशे, ह्ये बांगडे चौपाटी फिरवन आणलंस काय गो?" आईनं दारातच सुरुवात केली.

"फिरवून नाय गो बाय," मावशीनं पाटी खाली ठेवली आणि जिन्यावरच बसली. "बसच नाय आली. बंद केली मेल्यांनी."

कोळीवाड्याहून थेट पार्ल्याला येणारी सकाळची ती एकच बस होती. मावशी आणि तिची मासळीची पाटी वर्षानुवर्षं त्याच बसनं यायची. आता अंधेरीला उतरायचं, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायचा, दुसरी बस धरायची. तिच्यात आधीच माणसं लटकलेली, पाटी कोण घेतो? आणि रिक्षावाले पाटी बघितली की वेग वाढवतात. बर्फाचं पाणी गळतं, सीट ओली होते, पुढचं गिऱ्हाईक बोंब मारतं.

"मग इथं यायचं सोडून कोळीवाड्यातच विक ना," मी म्हटलं. माझ्याही तोंडून असली वाक्यं निघतात.

"कोलीवाड्यात?" मावशी हसली. "तिथं समदेच विकतात. घेनार कोन, मांजरं? पार्ल्याची घरं सुटली तर माझा धंदा सुटला, बाय. आनि पोरीचं कॉलेज हाय अजून."

तिची पोरगी आमच्या स्टेशनजवळच्या कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तीही त्याच बसनं यायची.

मी स्टॉपवर जाऊन बघितलं. एक झेरॉक्स चिकटवलेली होती: ‘मार्ग सुसूत्रीकरणामुळे सदर फेरी रद्द.’ सुसूत्रीकरण! माणसांना जोडणारं होतं नव्हतं ते सूत्र कापायचं आणि त्याला सुसूत्रीकरण म्हणायचं. माझं डोकंच फिरलं. फळा पुसला, लाल खडू घेतला, जाहीर निषेध! गुलाबी कागदावर पत्रकं छापून आणली आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर वाटली. एका गृहस्थांनी माझ्यासमोर पत्रकानं चष्मा पुसला. वाचलं नाही. पुसला, घडी घातली, पुढं गेले. पेपरांना निवेदन पाठवलं. एका पेपरातून फोन आला, आवाज माझ्याच वयाचा. "मॅडम, स्टोरी चांगली आहे, पण यात व्हिज्युअल काय आहे?"

व्हिज्युअल! बाईचा धंदा बसतोय, आणि याला चित्र पाहिजे.

त्याच आठवड्यात मावशीची पोरगी मला फळ्यापाशी गाठून म्हणाली, "ताई, चिडणार नसशील तर एक दाखवू?"

"चिडेन. दाखव."

तिनं मोबाईल पुढं केला. त्यात माझं अक्षर! फळा गायब, चौक गायब, फक्त लाल खडूतलं ‘जाहीर निषेध!’ कुणीतरी कापून त्याचा स्टिकर केला होता. आणि तो पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतच्या कॉलेजांत फिरत होता. कँटीनच्या सामोशात बटाटा कच्चा: जाहीर निषेध! सबमिशनची तारीख पुढं ढकलली नाही: जाहीर निषेध! आवडत्या मुलीला आधीच बॉयफ्रेंड आहे: जाहीर निषेध, आणि खाली रडणारे चेहरे.

"सगळे विचारतायत, हा फॉन्ट कुठं मिळतो."

"फॉन्ट? अगं, ते माझं अक्षर आहे!"

"तेच तर. झकास फॉन्ट आहे."

"या दोन शब्दांसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्यात. आणि तुम्ही ते सामोशाला लावता?"

"सामोसा खरंच कच्चा होता, ताई."

मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी अख्खा फळा पुसला आणि लिहिलं: ‘जाहीर निषेधाच्या टिंगलीचा जाहीर निषेध!’ खाली ज्वलंत मजकूर. चळवळीची भाषा म्हणजे खेळणं नव्हे, वगैरे. काका फिरून येताना थांबले, चष्मा वर करून वाचलं. "तिसरी ओळ राहिली," एवढंच म्हणाले. "लोकांनी करायचं काय?"

लोकांनी काय करायचं ते लोकांना बरोबर कळलं होतं. दुपारी मी चौकात आले तर फळ्यासमोर रांग! कॉलेजची पोरं-पोरी फळ्याकडे पाठ करून उभी, हात लांब, मोबाईल वर, तोंडं फुगवलेली. फळ्याकडे पाठ करून फळा वाचणारी ही पहिलीच पिढी असेल. पानवाला मला म्हणाला, "ताई, काय लिहिलंय? लग्नाचं आहे काय कुणाच्या?" वाट लागली होती. निषेधाची टिंगल थांबवायला निघाले आणि टिंगलीला नवा हप्ता पुरवून बसले.

मावशीची पोरगी धावत आली. चेहरा नुसता फुललेला. "ताई, काय केलंस तू कळतंय का तुला? सकाळपासून सगळीकडे तुझाच फळा आहे! सगळे विचारतायत, उद्या काय लिहिणार?"

"काही नाही लिहिणार."

"लिही ना!"

"काय लिहू?"

"बस!"

"मी पण तेच म्हणते, बस झालं आता."

"अगं, बस म्हणजे बस! आईची बस!"

मग मी रांगेकडे बघितलं. एवढी माणसं माझ्या फळ्यासमोर आजवर कधी उभी राहिली नव्हती. गुलाबी पत्रकांचे गठ्ठे वाटून जे झालं नव्हतं, ते कच्च्या बटाट्यानं करून दाखवलं होतं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू! ही पोरं वाचत नाहीत, यांना कशाचं काही नाही, असं आम्ही संघटनेच्या बैठकीत चहा पीत म्हणायचो. ती वाचत होती. फक्त आम्ही लिहीत होतो तिथं नाही, आणि आम्ही लिहीत होतो त्या लांबीचं नाही.

मग रोज एक ओळ. मथळा तोच, खाली एकच ओळ, कारण पोरगीची सक्त ताकीद: "दुसरी ओळ लिहिलीस तर फोटोत येणार नाही." ‘मावशीच्या पाटीला पाय नाहीत, बस कुठे आहे?’ ‘बांगडा पोचला, बस नाही पोचली.’ सकाळी आठच्या आत फोटो निघायचा आणि कॉलेजचं पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आत पसरलेला असायचा. मरोळहून एका मुलानं त्याच्या स्टॉपचा फोटो पाठवला. त्यांचीही फेरी गेली होती. त्यानं खांबावर माझ्या अक्षरात, म्हणजे माझ्यासारख्या अक्षरात, निषेध लिहून लावला होता. ‘ष’चं पोट तस्सं चिरलेलं! मग कुर्ल्याहून, मग मुलुंडहून. माझं अक्षर पाहता पाहता साऱ्या उपनगराचं झालं. मी रोज सकाळी नव्या खडूचा डबा फोडल्यासारखी उठायचे.

पुढची उडी पोरगीनं मारली. सकाळी अंधेरीला आई रिक्षा थांबवायला उभी असते, त्याचा तिनं व्हिडिओ काढला. रिक्षा येते, हळू होते, ड्रायव्हर पाटी बघतो, निघून जातो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी एक जण थांबून मान हलवतो आणि मावशी कंबरेवर हात ठेवून ओरडते, "अरे, मना नको नेऊस! मासे ने! मी येते चालत!"

मी त्याच्याखाली घालायला दहा ओळींचं निवेदन तयार ठेवलं होतं. "नको ताई," पोरगी म्हणाली, "लोक झोपतील." तिनं काहीच न लिहिता व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत माझ्या मावसभावानं तो मला नाशिकहून पाठवला, ‘ही तुमच्याकडची ना?’ म्हणून. मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई दचकली.

संध्याकाळी मी कमेंट उघडल्या आणि टाळ्या जिथल्या तिथं राहिल्या. बसचं नावच नव्हतं कुठं. सगळा राग रिक्षावाल्यांवर. माजलेत. कुठून कुठून येतात. हाकला यांना. धरा आणि बदडा. पुढं जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. फळ्यावरही लिहिणार नाही. आणि हे लिहिणारी तीच पोरं, जी कालपरवापर्यंत माझ्या फळ्यासमोर तोंडं फुगवून उभी होती. बस ज्यांनी काढली ते आपल्या खुर्चीत पंख्याखाली निवांत बसलेले, आणि शिव्या खातोय कोण, तर दिवसभर धूर गिळणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी मी, मावशी आणि पोरगी आमच्या जिन्यावर बसलो. पोरगीचा चेहरा उतरलेला.

"काढून टाकू का व्हिडिओ?"

"काढून काय होणार? पसरला तो," मी म्हटलं. आणि बोलता बोलता मला लख्ख दिसलं. "अगं, दुसरी ओळ नाहीये त्यात! काय झालं ते दिसतंय. कुणी केलं ते नाही दिसत. आपण नाही सांगितलं, तर लोक समोर दिसेल त्यालाच धरणार ना!"

"म्हणजे काकांचं पत्रक?"

"काकांचं पत्रक."

"पण ते कोण बघणार, ताई?"

मावशी इतका वेळ कोलंबी सोलत होती. ती म्हणाली, "त्यालाच बोलवा ना, त्या मान हलवनाऱ्याला. मी वलखते त्याला. रोज भांडतो आमी."

तो आम्हाला स्टँडवर सापडला, पण पहिल्यांदा तो रिक्षातून उतरायलाच तयार नव्हता. सकाळी दोन पोरं गाडीचा नंबर बघून शिव्या घालून गेली होती. पोरगीच्या हातात मोबाईल दिसला तसा तो हात जोडून म्हणाला, "नहीं बहन, वीडियो से ही तो ये सब हुआ." त्याचं काय चुकलं होतं? मावशीनं सरळ त्याचा दंड धरला. "चल रे, उतर. माझ्या बाजूला उभा ऱ्हा. माझ्या बाजूला हायेस तवर कोन बोलतो बघते मी."

असा तो दुसरा व्हिडिओ. पाटी मधे, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला तो खाकी शर्टातला माणूस. मावशी म्हणते, "माझी बस बंद केली, म्हनून मी याच्या मागं लागते." तो म्हणतो, "टोकरी से पानी टपकता है. सीट गीली, अगला पैसेंजर हमसे लड़ता है. बस चालू कर दो, भाई. मौसी भी खुश, हम भी खुश." मग तो मावशीकडे वळून हळूच विचारतो, "और वो क्या बोलते हैं... जाहीर?"

"निषेध."

"जाहीर निशेद!" आणि दोघंही हसतात.

यावेळी खाली ओळी मी लिहिल्या. तीनच. ‘सकाळची थेट बस बंद झाली. ती आगाराच्या कार्यालयानं बंद केली, रिक्षावाल्यांनी नाही. गुरुवारी लेक्चर संपल्यावर आगारावर या.’ पोरगीनं एक शब्द कापला नाही.

हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला! मी अजून सांगताना उभी राहते. शिव्या पूर्ण थांबल्या असं म्हणत नाही. त्या थांबत नसतात. पण शिवी दिली की खाली पंचवीस जण ‘निशेद’ लिहून जायचे, आणि ‘दुसरी ओळ वाच’ म्हणायचे. दुसरी ओळ वाच! काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ नाक शिंकरत होते. सर्दी म्हणाले.

आणि मग आले पेपरवाले. ज्या पेपराला व्हिज्युअल हवं होतं, त्यानं मोबाईलवरचाच फोटो छापला आणि वर लिहिलं, ‘नेटकऱ्यांनी घेतली दखल’. नेटकरी! पोरगी, तिची आई, रिक्षावाला, मी, सगळ्यांचा मिळून एक नेटकरी. एका चॅनेलवरून फोन आला, "ताई, ओरिजनल क्लिप पाठवा ना, वर नाव वगैरे नसलेली." मी विचारलं, तुमचा कॅमेरा कुठं असतो? तो मुलगा बिचारा खरं बोलला. "ताई, आम्ही दिवसभर बसून स्क्रोल करतो. त्यातूनच बातमी निघते." म्हणजे बातमी आता कोळीवाड्यातली पोरगी काढते आणि चॅनेल ती उचलून दाखवतं. मला यात वाईट वाटायला हवं होतं का? मला तर गंमत वाटली. काढू दे ना. फक्त तिन्ही ओळी घालून काढू दे.

गुरुवारी आगारावर पोरं आली. किती, ते विचारू नका. गेटवरचा सुरक्षारक्षक खुर्चीवरून उठला, एवढी. आत तिघांनाच सोडलं: मावशी, पोरगी, मी. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कागदावरचं अक्षर बघितलं. "म्हणजे ते तुम्हीच! माझ्या मुलीला काल डब्यात भेंडी दिली, तर तिनं मला हेच पाठवलं."

"भेंडीचं तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "बस कधी?"

त्यांनी प्रवासीसंख्या काढली, तोटा काढला, सुसूत्रीकरण काढलं. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तुमी बसमधे मानसं मोजली. पाटी मोजली का? त्या पाटीवर आमची दोन मानसं जेवतात." बाहेरून पोरांच्या घोषणा. साहेबांनी खिडकी लावली, मग पुन्हा उघडली, उकडत होतं. सकाळची एक फेरी, तूर्त प्रायोगिक तत्त्वावर. ‘तूर्त’ आणि ‘प्रायोगिक’ या दोन्ही शब्दांवर माझं पत्रक तयार आहे, पण ते नंतर.

सोमवारी मी पहाटे कोळीवाड्याच्या स्टॉपवर गेले. पोरगीच्या वर्गातली पोरंही आली होती, मोबाईल तयार. बस आली आणि आमची तोंडं उघडीच राहिली. जुनी लाल बस नव्हती. नवी कोरी एसी, छोटी, दरवाजा आपोआप उघडणारी. कंडक्टरनं पाटीकडे बघितलं आणि हात आडवा घातला.

"पाटी नाही घेता येणार. एसी आहे. वास बसतो."

एवढं सगळं करून! पोरांचे मोबाईल सवयीनं वर गेले. माझ्या डोक्यात पुढच्या फळ्याचा मथळा सुरूही झाला होता.

"ते खाली ठेवा रे सगळे," मावशी पोरांना म्हणाली. "आधी धरा." आणि तिनं पाटीचा एक कान सगळ्यात पुढच्या पोराच्या हातात दिला. पोरानं मोबाईल दातांत धरला आणि दोन्ही हातांनी पाटी उचलली. दुसऱ्यानं दुसरा कान. मावशी कंडक्टरला म्हणाली, "खाली प्लास्टिक लावलंय, बघ. एक थेंब नाय गळनार. वासाचं म्हनशील तर, तू खात नाय का मासे?"

कंडक्टरनं मागं बसलेल्या माणसांकडे बघितलं. एक बाई म्हणाली, "घ्या हो, मी पण पार्ल्यालाच उतरणार. पापलेट आहे का, मावशी?" त्यानं खांदे उडवले. "पाटीचं वेगळं तिकीट पडेल."

"फाड की! फाड!"

पाटी चढली, पोरं चढली, मी शेवटी कशीबशी आत घुसले आणि दरवाजा माझ्या पाठीला घासून बंद झाला. मागच्या सीटपाशी पाटी पायांत धरून मावशी बसली होती. तिकीट तिनं कमरेला खोचलं आणि पोरगीच्या मोबाईलवरून माझ्याच घरी फोन लावला. अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ती माझ्या आईला म्हणाली, "निघाले गो बाय. कोलंबी हाय, ताजी. वाटन करून ठेव."